मनगट कशाने सुजले, हे कोणी विचारले नाही : ठाण्यातील गोविंदा पथकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरातील गोविंदा पथकांचे अध्यक्ष, प्रशिक्षक आणि ज्येष्ठ गोविंदा

स. न. वि. वि.

गुरुपौर्णिमा तोंडावर आली आहे. बहुतेक पथकांचा नारळ त्या दिवशी फुटतो आणि तिथून दहीहंडीपर्यंत रोज रात्री शहरातली मैदाने, शाळांची पटांगणे आणि चाळींमधल्या मोकळ्या जागा शिट्ट्यांनी जाग्या राहतात. मी अकरा वर्षे गोविंदा होतो, त्यातली सात वर्षे दुसऱ्या थरात. आता गुडघ्याने साथ सोडली आहे, म्हणून कठड्यावर बसून सराव पाहतो आणि मुलांना न मागता सल्ले देतो. ती ते ऐकून घेतात आणि विसरून जातात.

या पत्राचा विषय मात्र थर, बक्षिसे किंवा विमा हा नाही. स्त्रियांवर होणारी हिंसा थांबवण्याच्या कामात पुरुषांनी आणि मुलग्यांनी कुठे उभे राहायचे, हा आहे. असे पत्र महापालिकेला किंवा पोलीस आयुक्तालयाला लिहिण्याची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ते आपल्याला लिहितो आहे, कारण बारा ते पंचवीस या वयातला मुलगा या शहरात कोणाचे ऐकतो, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला, तेव्हा उत्तर एकच आले. वडिलांचे तो ऐकत नाही. शाळेतल्या सरांचे घंटा होईपर्यंत ऐकतो. पण आपली एक शिट्टी वाजली की दीडशे मुले मुकाट मांडी घालून बसतात. घरी पाण्याचा पेला जागेवरून न हलवणारा मुलगा आपल्या एका शब्दावर मैदान झाडतो, मॅट उचलतो, आपण रागावलात तर रात्रभर झोपत नाही. इतका वचक आणि इतका जिव्हाळा एकाच माणसाच्या वाट्याला क्वचित येतो, आणि आपण तो सगळा थर लावण्यात खर्च करता.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी उपदेश करायला उभा आहे असे वाटणार नाही.

१९९६ चा श्रावण. वागळे इस्टेटजवळच्या आमच्या चाळीतला एक गडी पहिल्या थरात, अगदी मध्यभागी उभा राहत असे. त्याचे नाव मी सांगणार नाही. आडदांड, हसरा, कोणाच्याही अडीनडीला धावणारा माणूस. तो बायकोला मारतो हे चाळीत सर्वांना ठाऊक होते, कारण चाळीच्या भिंतींतून सगळेच ऐकू येते. एका रात्री तो सरावाला आला तेव्हा त्याचे उजवे मनगट सुजलेले होते. सगळे गोळा झाले. प्रशिक्षकांनी हात फिरवून पाहिला, कोणी बर्फ आणला, कोणी आयोडेक्स, आणि क्रेप बँडेज मी माझ्या हाताने बांधले, दोन वेढे जास्त देऊन, कारण त्याच्या खांद्यावर माझा पाय असायचा आणि मला स्वतःची काळजी होती. "हंडीपर्यंत बरं होईल ना?" एवढेच आम्ही विचारत होतो. मनगट कशाने सुजले, हे कोणीही विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. तासाभराने त्याची बायको सर्वांसाठी चहाची किटली घेऊन आली. पदर तिने डाव्या गालावरून ओढून घेतला होता आणि पेले भरताना ती मान वर करत नव्हती. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि "वहिनी, साखर जास्त झाली" असे म्हणालो.

ते वाक्य मला अजून आठवते. दुसरे काहीतरी बोलता आले असते, पण तोंडातून निघाले ते हेच. दहीहंडीच्या दिवशी त्याला हार घातला, गुलाल उधळला. गणपतीनंतर ती माहेरी गेली, मग परत आली, मग पुन्हा गेली. पुढचे मला माहीत नाही, कारण तोवर आम्ही ती खोली सोडली होती.

त्या वेळी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ येऊन तेरा वर्षे झाली होती. आज तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, शिवाय कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कायदा नव्हता म्हणून ते घडले असे म्हणायची सोय मला नाही. कायदा होता, पोलीस चौकी चालत दहा मिनिटांवर होती, आणि त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही साठ-सत्तर पुरुष होतो. त्याला भीती वाटली असती तर ती आमची वाटली असती. आम्ही त्याला बँडेज बांधले.

हे जुने झाले, आता चाळी गेल्या, टॉवर आले, मुले शिकली, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे देतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. याच पाहणीत पुरुषांना विचारले होते की न सांगता घराबाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणे अशा सात कारणांपैकी कोणत्या कारणासाठी बायकोला मारणे योग्य आहे. तेव्हा ४४ टक्के पुरुषांनी किमान एका कारणाला होकार दिला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होते, आणि यावरून "बघा, बायकांनाच चालतं" असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत; त्यांना एवढेच सांगतो की मार खाणाऱ्याने मार कबूल करणे ही मार किती मुरलेला आहे याची खूण असते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ती गोष्ट कधीच कोणाला सांगितली नव्हती, मदतही मागितली नव्हती. आमच्या चहाच्या किटलीवाल्या वहिनीही त्यांच्यातच मोडतात. फरक इतकाच की त्यांनी सांगण्याची गरज नव्हती, आम्हाला ऐकू येत होते.

आता आपल्या मैदानाकडे वळतो. सरावात मुलगा कचरला, थर चढताना त्याचे पाय थरथरले की आपण त्याला काय म्हणतो, हे एका रात्री कान देऊन ऐका. "बांगड्या भरल्यात का?" "बायल्या आहेस का?" "बायकांसारखा रडतोस काय?" लग्न झालेला गोविंदा बायकोचा फोन आला म्हणून सरावातून लवकर निघाला, तर तो "ताटाखालचं मांजर" होतो आणि पुढचे तीन आठवडे त्याला ते ऐकावे लागते. यात आपला हेतू वाईट नसतो, मीही हे हजारदा बोललो आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. तो पथकात येतो तो मोठ्या माणसांत जागा मिळवायला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की भीती, रडू, थकवा, दुसऱ्याचे ऐकणे हे सगळे बाईचे आहे, आणि बाईचे म्हणजे हलके आहे. जे हलके आहे त्याने आपल्याला "नाही" म्हटले तर अपमान वाटणारच. एवढे शिकायला त्याला कोणा गुंडाची संगत लागत नाही, आपण पुरेसे आहोत.

दुसरी गोष्ट आपल्या भाषणांची. हंडीच्या व्यासपीठावर दरवर्षी "आपल्या आयाबहिणींच्या रक्षणासाठी" अशी वाक्ये होतात, टाळ्या पडतात. रक्षण कोणापासून करायचे, हे वाक्य सांगत नाही. ऐकणारा प्रत्येक जण समजतो की बाहेरच्या कोणा नराधमापासून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा, ३१.४ टक्के, हा नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. म्हणजे ज्याच्यापासून रक्षण करायचे तो अनेकदा टाळ्या वाजवणाऱ्यांत उभा असतो. शिवाय "आयाबहिणी" म्हटले की जी कोणाची आई नाही, बहीण नाही, तोकडे कपडे घालून तलावपाळीला मैत्रिणींबरोबर आईस्क्रीम खायला आली आहे, ती त्या रक्षणाच्या बाहेर राहते. मुलांना रक्षक व्हायला शिकवू नका, अशी माझी विनंती आहे. रक्षकाला सत्ता लागते, आणि सत्तेचे पुढे काय होते ते आपण जाणतो. त्यांना आधी एवढेच शिकवा की बाई हे आपल्यासारखेच माणूस आहे आणि तिचा नकार म्हणजे नकार.

२०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सुनावणीत न्यायमूर्तींनी मुलींना वाचवण्यासाठी मुलग्यांना शिकवण्याची गरज आहे असे बोलून दाखवले होते. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी शिकवायचे, हा प्रश्न शाळांकडे ढकलून आपण मोकळे झालो, आणि शाळा तर दहावीच्या निकालापलीकडे पाहत नाहीत.

हे काम पुरुषांनी करण्यात नवीन काही नाही. जोतीराव फुले दांडपट्टा शिकले ते लहुजी वस्तादांच्या तालमीत, आणि पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. तालीम आणि मुलींची शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदल्या. त्यांच्यात विरोध आहे असे आपल्याला का वाटते, कोण जाणे. अलीकडचे पाहायचे तर १९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकाराने बायकोला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष हवेत अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली, तिला दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिले, आणि त्यातून १९९३ मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', म्हणजे 'मावा', ही पुरुषांची संस्था उभी राहिली. ती आजही महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन मुलांबरोबर काम करते. आणि आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे २०१० च्या सुमारास मुंबईत झालेला 'परिवर्तन' हा उपक्रम. त्यात शाळांमधल्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार केले गेले आणि त्यांनी सरावाच्या वेळीच, मैदानावरच, मुलांशी थोडा थोडा वेळ या विषयावर बोलायचे असे ठरले. व्याख्याता बाहेरून आणला नाही. ज्याच्या हातात संघनिवड आहे तोच बोलला. मुलांच्या विचारांत फरक पडल्याचे त्याच्या अभ्यासात दिसले. क्रिकेटच्या सरांना जे जमले ते आपल्याला न जमायला काय झाले?

"आम्हाला बोलता येत नाही," असे आपण म्हणाल, म्हणून गेल्या वर्षी पाहिलेला प्रसंग सांगतो. एका पथकाच्या सरावात मोबाइल हातोहात फिरत होता आणि मुले दबक्या आवाजात हसत होती. सतरा वर्षांच्या एका मुलाला कॉलेजातल्या मुलीने नकार दिला होता, म्हणून त्याने तिच्या फोटोखाली घाणेरडे लिहून ते मित्रांना पाठवले होते आणि रोज नव्या नंबरवरून तिला मेसेज करत होता. प्रशिक्षकांच्या लक्षात आले. त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली बसवले. हा माणूस रिक्षा चालवतो, भाषण त्याने जन्मात केलेले नाही. "हे बघा," असे तीनदा म्हणाला, पाणी प्यायला, मग त्या मुलाकडे वळून म्हणाला, "तिनं नाही म्हटलं म्हणून ना? उद्या मी तुला म्हटलं, वरच्या थरात तू नाही, तर माझ्या बायकोचा फोटो टाकशील?" मुले हसली, आणि मग एकदम गप्प झाली. त्या मोसमात तो मुलगा थरात चढला नाही. पथकातून मात्र काढला नाही, मॅट अंथरण्याचे आणि पाण्याचे काम दिले. काढले असते तर तो दुसऱ्या दिवशी नाक्यावर गेला असता.

यापुढे प्रशिक्षक जे करायला निघाले होते, ते चुकीचे होते, आणि ते थांबले ही नशिबाची गोष्ट. त्यांना मुलाला घेऊन त्या मुलीच्या घरी माफी मागायला जायचे होते, तेही पंधरा जणांनी, आणि फोनमधले सगळे पुसून टाकून. पथकातल्या एकाची बहीण वकील आहे; तिने फोनवरून समजावले की मुलीला विचारल्याशिवाय तिच्या दारात पंधरा पुरुष उभे करणे ही माफी नव्हे, दहशत आहे; पुरावा पुसू नका, तक्रार करायची की नाही हे ती आणि तिचे घरचे ठरवतील. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळेसच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तिथल्या दीडशे जणांपैकी एकालाही माहीत नव्हते. मलाही नव्हते. तो मुलगा सुधारला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्या रात्री बसलेल्या बाकीच्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिले की मोठा पुरुष या गोष्टीवर हसत नाही.

तेव्हा माझे मागणे हे. सरावातला आठवड्यातून एक दिवस, वॉर्म-अपनंतरची दहा मिनिटे या विषयाला द्या आणि आपण स्वतः बोला. अडखळलात तरी चालेल, पाहुणा बोलावू नका. मोसमाच्या सुरुवातीला, जसे आपण दारू पिऊन थरात नाही असे ठणकावून सांगता, तसेच घरात हात उचलणारा थरात नाही असेही सांगा, आणि मग तो पहिल्या थराचा खांब असला तरी पाळा. इथेच खरी परीक्षा आहे, कारण असा खांब हंडीच्या आठवडाभर आधी काढणे किती जिवावर येते, हे मला कळते. पण चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवायचे नाही, हे २०१७ मध्ये न्यायालयात ठरले तेव्हाही आता हंडी संपली असेच आपण म्हणालो होतो, आणि २०२५ मध्ये याच ठाण्यात दहा थर लागले. टी-शर्टच्या पाठीवर आश्वासक हसणाऱ्या नेत्यांच्या फोटोंतून बोटभर जागा उरली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक छापा. नाहीच उरली तर एखादा नेता थोडा लहान करा.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. एखाद्या गोविंदाच्या घरचे कळले तर तडजोड करायला बसू नका. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून, "चूक दोघांची असते" म्हणून तिला त्याच खोलीत परत पाठवणे, यात आपल्या मंडळांची हातोटी आहे आणि त्याने आजवर नुकसानच झाले आहे. तिला काय हवे ते तिला एकटीला, घरच्या कोणा बाईमार्फत विचारा. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे जाता येते. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचे उत्पन्न पाहिले जात नाही. आपण पत्ता द्यायचा, लागली तर रिक्षा द्यायची, आणि नवऱ्याला पथकाच्या बाजूने साक्षीदार मिळणार नाहीत एवढे पाहायचे.

"खोट्या केसेस पण होतात, त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. होत असतील, त्यासाठी न्यायालये आहेत. मी ज्या मनगटाला बँडेज बांधले ते खोटे नव्हते.

गुरुपौर्णिमेनंतर कोणत्याही पथकाने बोलावले तर मी येईन. मानधन नको, हार नको, चहाही मी घरून पिऊन येईन. १९९६ ची गोष्ट मुलांना मी स्वतः सांगेन. ती दहा मिनिटांत बसते, आणि साखरेचे वाक्यही त्यात सांगेन.

आपला,
एक माजी गोविंदा, दुसरा थर
नौपाडा, ठाणे